दुर्बिणीला हवी शांतता

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



दुर्बीण म्हटले की नळी आणि भिंग डोळ्यांपुढे येते. नारायणगावजवळच्या खोडद येथे मात्र यातले काहीच आढळत नाही. तेथे उभ्या आहेत ४५ मीटर व्यासाच्या, तारेच्या जाळीने विणलेल्या तबकड्या. त्याही दुर्बिणीच होत; कारण आपल्याला दिसणारा प्रकाश हा अवकाशातून येणाऱ्या प्रकाशाचा केवळ एक अंश आहे.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. म्हणून तो गोळा करणारा आरसा कमालीचा गुळगुळीत लागतो. खोडदला टिपल्या जाणाऱ्या रेडिओ लहरी मात्र कित्येक सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत लांब असतात; त्यांच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे अखंड पत्राच. क्ष-किरणांची तऱ्हा आणखी निराळी. समोरून पडले तर ते आरशात शोषले जातात. त्यामुळे आरशाला निसटता स्पर्श करवून त्यांना वळवावे लागते. शिवाय पृथ्वीचे वातावरण त्यांना अडवते. म्हणूनच २०१५ साली भारताने ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही वेधशाळा अवकाशात पाठवली.

परंतु उपकरण उत्तम असून भागत नाही. परिसरही अनुकूल लागतो. लडाखमधील हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवरील दुर्बिणीला अंधार हवा. २०२२ साली त्या भागाला ‘अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र’ म्हणून संरक्षण मिळाले आणि तेथील ग्रामस्थ आज दिव्यांचा उजेड आवरून राहतात.

खोडदला हवी आहे ती रेडिओ शांतता. ती लाभेल म्हणूनच डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा परिसर निवडला. सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या ३० तबकड्या तेथे एकच दुर्बीण होऊन काम करतात. दूरच्या दीर्घिकांकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की जवळचा मोबाइल किंवा विजेच्या तारेवरील ठिणगीही तो झाकोळून टाकते. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाविषयीचा वाद याच कारणाने उद्भवला. नारायणगावकरांची रेल्वेची मागणी रास्तच आहे. तिची उपेक्षा होता कामा नये. मात्र तोडगा काढताना एवढे ध्यानी घ्यावे, की रूळ वळवता येतात. ३० तबकड्या उचलून नेता येत नाहीत.

आपण मुलांना घेऊन खोडदला अवश्य जावे. तेथे मोबाइल बंद करण्यास सांगितले, तर कुरकुर करू नये. त्या घटकेपुरते आपणही त्या दुर्बिणीच्या कामात सहभागी असतो.