आरोग्य ही अमानत



शरीर ही अल्लाहची अमानत आहे. मुलांच्या डब्यात नाचणीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, उकडलेले अंडे द्या. त्यांना रात्री ९ तास झोपू द्या. वजूने स्वच्छतेचे वळण लागते. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणही हवा.

परंतु एवढ्याने गोवर अडत नाही. २०२२ साली मुंबईत गोवंडीकडे गोवराच्या साथीत लहान मुले दगावली. हा आजार पूर्वी कमावलेली प्रतिकारशक्तीही हिरावून नेतो. मध-कलौंजी लसीची जागा घेऊ शकत नाही. ९ महिने पुरे होताच एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. चुकलेला डोस ५ वर्षांपर्यंत देता येतो.

विद्यार्थ्यांनो, धाकट्या भावंडांचे लसीचे कार्ड आज घरी तुम्हीच वाचून दाखवा. एवढे केलेत तरी शिक्षणाचे चीज झाले.