कृश देहातील चरबी



येलदरीला पूर्णेवर धरण उभे राहिले, ते मातीच्या पाट्या वाहणाऱ्या मजुरांच्या बळावर. मधुमेह हा शेठजींचा रोग, असे आम्ही समजत होतो. तो आमच्या काटकुळ्या माणसांतही निघाला.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्रज बाळांचे ३.५, स्नायू तोकडे, चरबी मात्र राखलेली! गर्भाला टंचाई कळते, देह काटकसरीने घडतो. पुढे खाणे वाढले की इन्सुलिन पुरे पडत नाही.

पालेभाजी, दूध घेणाऱ्या मातांची बाळे वजनाने सरस आढळली. अतिकष्ट करणाऱ्यांची लहान. म्हणून मजुरीबरोबर गरोदर मजुरणीसाठी आम्ही दूधभाजी आणि विसावा मागतो.