रिकामी कांचपेटी



बंदिवासांत पडलेल्या व छळ सोसलेल्या लेखकांचीं प्रदर्शनें हल्लीं देशोदेशीं गांवोगांव फिरत असतात. त्यांची मांडणी बहुधा ठराविक असते. भिंतीवर लेखकाचें छायाचित्र, त्याखालीं जन्मसाल, अटकेची तारीख व शिक्षेची मुदत. आणि दालनाच्या मधोमध कांचपेटींत एखादें हस्तलिखित. प्रेक्षक त्या पेटीवर वांकून बारीक अक्षरें निरखतो आणि धन्य होऊन बाहेर पडतो. या धन्यतेविषयींच मला आज थोडें बोलावयाचें आहे.

आम्हां मराठी लोकांना तर ही धन्यता घरचीच आहे. लोकमान्य टिळकांनीं गीतारहस्याचा पहिला खर्डा १९१०-११ च्या हिवाळ्यांत मंडालेच्या तुरुंगांत लिहिला. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली गेली. त्यामुळें तुरुंग म्हणजे जणूं एक सक्तीचा आश्रम, तेथें लेखकाला एकांत लाभतो व ग्रंथ निपजतो, अशी एक समजूत नकळत आमच्या मनांत रुजून बसली आहे. वस्तुतः मंडालेस टिळकांना सुटे कागद मिळत नसत. पानांवर आंकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत, आणि शाईऐवजीं शिसपेन्सिल. एखादें पान फाडलें तर तें लगेच कळावें, हा त्यांतला हेतु. सुटकेनंतरहि त्या वह्या कांहीं काळ सरकारच्याच ताब्यांत होत्या. त्या परत आल्या म्हणून १९१५ सालीं ग्रंथ छापला गेला. न येत्या तर? टिळकांची तो पुन्हा लिहून काढण्याची तयारी होती असें सांगतात. परंतु प्रत्येक लेखकाजवळ टिळकांची स्मृति नसते, आणि प्रत्येक सरकार वह्या परत करीत नाहीं.

केवळ स्मृतीच्या बळावर ग्रंथ तरल्याचें एक नवलाचें उदाहरण इंडोनेशियांत घडलें. प्रामूद्या अनंत तूर या कादंबरीकाराला तुरुंग नवा नव्हता. १९४७ ते १९४९ पर्यंत डचांच्या कैदेंत असतां त्यानें एक कादंबरी लिहिली होती. पण १९६५ च्या ऑक्टोबरांत स्वतःच्या स्वतंत्र देशांतील लष्करी शिपायांनीं त्याला पकडलें, तेव्हांची गोष्ट निराळी. बंदुकीच्या दस्त्याच्या तडाख्यानें त्याचे कान कायमचे अधू झाले, आणि घरांतील ग्रंथसंग्रह व हस्तलिखितें नष्ट करण्यांत आलीं. खटला कधींच चालला नाहीं. १९६९ सालीं हजारों राजबंद्यांबरोबर त्याची रवानगी बुरू बेटावर झाली. तेथें जंगल तोडावें, रस्ते करावे, भात पिकवावा आणि मिळेल तें खावें. लिहिण्याचें साधन मात्र वर्ज्य. अशा स्थितींत, दिवसभर राबून आलेल्या सोबत्यांना तो एक गोष्ट सांगूं लागला. डच अमदानींतील एक तरुण जावानी लेखक तिचा नायक. ती गोष्ट एका बराकींतून दुसऱ्या बराकींत तोंडोतोंडीं गेली. १९७३ सालीं लिहिण्याची परवानगी मिळाली, तेव्हां त्या कथनांतून चार कादंबऱ्या कागदावर उतरल्या. १९७९ च्या अखेरीस त्याची सुटका झाली. १९८० सालीं पहिला खंड निघाला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यावर बंदी आली. त्या खंडाचें नांव ‘बुमी मानुसिया’. भूमि आणि मनुष्य हे आपलेच दोन शब्द समुद्र ओलांडून तेथें गेलेले आहेत.

येथवर ऐकून आपणहि धन्य झालां असाल. मीहि झालों होतों. पण त्या घरांत जें नष्ट झालें त्याचें काय? कार्तिनी या जावानी विदुषीचें चरित्र प्रामूद्या लिहीत होता. त्याचे दोन खंड छापले होते म्हणून उरले. पुढचे हस्तलिखित खंड गेले ते गेलेच. चवदा वर्षांच्या कैदेंतून चार कादंबऱ्या आल्या हें आपण बोटांवर मोजतों. मोकळ्या माणसानें त्याच चवदा वर्षांत काय काय लिहिलें असतें, तें मोजतां येत नाहीं, म्हणून हिशेबांतच धरलें जात नाहीं. आणि मग उरतो तो जमाखर्च जणूं तुरुंगाच्याच फायद्याचा!

पी. ई. एन. या १९२१ सालीं लंडन येथें स्थापन झालेल्या लेखकसंघाच्या सभांतून एक चांगली रीत आहे. बंदिवान लेखकाच्या नांवानें व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी ठेवतात. २०१० सालीं ओस्लो येथें चिनी लेखक ल्यू श्याओबो यांचें नोबेल मानपत्र अशाच रिकाम्या खुर्चीवर ठेवावें लागलें. २०१७ सालीं शिक्षा संपण्यापूर्वींच ते वारले. खुर्ची ही माणसाची उणीव दाखविते. ग्रंथाची उणीव दाखविणारी एक रिकामी कांचपेटी तशीच प्रत्येक प्रदर्शनांत असावी, असें मला फार वाटतें. प्रदर्शन भरविणारे म्हणतील, रिकामी पेटी पाहावयास कोण येणार? कोणी थांबणार नाहीं हें मलाहि दिसतें. तरी ती असावी.

त्या पेटीवर पहिली चिठ्ठी इसाक बाबेल याच्या नांवाची लावावी. ओदेसा शहरांत जन्मलेला हा ज्यू कथालेखक अत्यंत सावकाश लिही. एकेक कथा पुनःपुन्हा खरडून पुन्हा नव्यानें मांडी. १५ मे १९३९ रोजीं सोव्हिएट गुप्त पोलिसांनीं त्याला मॉस्कोजवळच्या त्याच्या उन्हाळी घरांतून नेलें. हस्तलिखितांचीं बाडें, वह्या, पत्रें हीं सर्व त्यांनीं यादी करून नेलीं. आपल्याला काम पुरें करूं दिलें नाहीं, एवढेंच तो त्या वेळीं म्हणाला, असें त्याच्या पत्नीनें लिहून ठेवलें आहे. तिला पुढें कित्येक वर्षें तो जिवंत असल्याचें खोटेंच सांगण्यांत आलें. १९५४ सालीं तो निर्दोष ठरला, पण कागद मिळाले नाहींत. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सरकारी दप्तरखाने लेखकांना थोडेसे उघडे झाले, तेव्हां बाबेलच्या जबान्या जपून ठेवलेल्या सांपडल्या. कथांचें एकहि पान त्यांत नव्हतें.

२६ जानेवारी १९४० रोजीं झालेल्या त्याच्या खटल्याचें टिपण मात्र त्या दप्तरांत आहे. सारें काम कांहीं मिनिटांत आटोपलें. जुलमानें वदवून घेतलेली कबुली त्यानें तेथें नाकारली, आणि एकच मागणें केलें: हातीं घेतलेलें लिखाण पुरें करूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं पहाटेपूर्वींच त्याला गोळी घालण्यांत आली.