आगीतून वाचलेले घर

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी मी आगीचा विषय काढावा, हे आपणांपैकी कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्युबिली म्हणजे केवळ बँडबाजा आणि मिरवणूक नव्हे. पूर्वजांनी जे आपल्या हाती सोपविले, त्याचा हिशेब देण्याचा तो दिवस होय. त्यांनी आपणांस हे देऊळ दिले, तशीच दगड-चुन्याची, सागवानी तुळयांची कौलारू घरेही दिली. त्यांपैकी एका घराची हकिकत मी आज सांगणार आहे. तीत माझी स्वतःची एक चूक आहे. तीही लपविणार नाही.

2022 सालच्या मे महिन्यात आपल्यातील एका कुटुंबाच्या जुन्या घरास रात्री आग लागली. देवकृपेने माणसे सुखरूप राहिली. स्वयंपाकघरावरचे वासे जळाले, कौले फुटून खाली आली, आणि माजघर व ओटी धुराने काळीकुट्ट झाली. दुसऱ्या दिवशी मी तरुण मंडळींस घेऊन तेथे गेलो. बादल्या, साबण व काथ्याचे ब्रश घेऊन आम्ही माजघराची एक भिंत दिवसभर घासली, आणि ती सुकताच तिच्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मोठे सत्कृत्य केले, असे आम्हांस वाटले.

पहिल्याच पावसात त्या रंगातून तपकिरी डाग वर आले, आणि जळकट वास पुन्हा घरभर पसरला. कारण असे की, काजळी ही साधी धूळ नव्हे. तिच्यात तेलकट अंश असतो. कोरडी असेतो ती बहुतांशी भिंतीच्या पृष्ठभागावर बसलेली असते. पाणी ओतून घासले की ती चुन्याच्या बारीक छिद्रांत शिरते, आणि मग तिला बाहेर काढणे फार कठीण होते. शेवटी त्या भिंतीचा सगळा गिलावा उतरवावा लागला. तो आगीने नव्हे, तर आमच्या उत्साहाने गेला.

इकडे घरात निराळाच वाद पेटला. धाकटा भाऊ म्हणे, सारे पाडून स्लॅबचे घर बांधू. थोरला गप्प राही. मीही पाडण्याच्याच बाजूस झुकलो होतो. तेव्हा त्यांची वृद्ध आई मला म्हणाली, “फादर, भिंती उभ्या आहेत. मग घर गेले, असे कसे म्हणता?” ह्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. यास्तव, ज्यांना ह्याहून फार मोठ्या आगीनंतर हाच प्रश्न पडला होता, त्यांनी काय केले, हे मी वाचू लागलो.

15 एप्रिल 2019 रोजी, पवित्र आठवड्यातील सोमवारी, पॅरिस येथील नोत्र दाम कॅथेड्रलास आग लागली, हे आपणांस स्मरत असेल. त्या मंदिराचे बांधकाम 1163 साली सुरू झाले होते. छपराचा ओक लाकडाचा सांगाडा जळाला, शिशाचे पत्रे वितळले आणि उंच टोकदार शिखर दगडी छत फोडून आत कोसळले. तथापि त्या छताचा बराच मोठा भाग जागच्या जागी टिकला. 8 डिसेंबर 2024 रोजी तेथे पुन्हा मिस्सा झाली. सुमारे 150 देशांतील 3 लाख 40 हजार दात्यांनी त्या कार्यास द्रव्य दिले.

परंतु माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. आग लागल्यापासून सप्टेंबर 2021 पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे, ते मंदिर केवळ सावरण्याचे काम चालले होते. कमानींना लाकडी आधार दिले गेले. आगीपूर्वीच उभारलेल्या व तापून एकमेकांस चिकटलेल्या लोखंडी परांचीचे सुमारे 40,000 तुकडे कापून उतरविले गेले. मोठा अर्गन जळाला नव्हता, तरी त्याच्या सुमारे 8,000 नळ्या शिशाच्या धुळीपासून स्वच्छ करण्यासाठी सुट्या केल्या गेल्या. दगडी भिंती प्रथम पाण्याने धुतल्या नाहीत. त्यांवरील धूळ यंत्राने शोषून घेतली, आणि मग रबरी लेप लावून, तो सुकल्यावर सालीसारखा सोलून काढला, तेव्हा मळ त्याच्याबरोबर निघाला. पंडितांनी दगडाचा रंगही वाचला. तेथील चुनखडीचा लोहयुक्त दगड 300 ते 400 अंश उष्णतेत लाल होतो, 600 च्या सुमारास काळवंडतो, आणि 800 च्या पुढे त्याची भुकटी होऊ लागते. कोणता दगड ठेवावा आणि कोणता बदलावा, ह्याचा निर्णय अशा परीक्षेनंतर झाला.

आता आपण आपल्या घराकडे वळू. आपल्याजवळ तसे द्रव्य नाही व तशी यंत्रेही नाहीत. पण तो क्रम आपणांस पाळता येण्याजोगा आहे. त्या कुटुंबाने पुढे तो पाळला.

प्रथम एका जाणत्या इंजिनियरास बोलावून, कोणती भिंत झुकली आहे ते पाहिले, आणि तिला टेकू दिले. वायरमनकडून विजेचे जुने तार तोडून टाकले. छपरावर ताडपत्री घातली. जागच्या जागी छायाचित्रे घेतली. मग नाकातोंडावर जाड मास्क बांधून, मऊ कुंचल्याने व कोरड्या स्पंजाने, वरून खाली अशी काजळी उतरविली. कारण ती धूळ फुप्फुसांस घातक असते, आणि जुन्या तैलरंगात शिसेही असू शकते.

आपला काळा पाषाण त्या चुनखडीप्रमाणे रंगाने बोलत नाही. म्हणून एका वृद्ध गवंड्याने प्रत्येक दगडावर हातोडी हलकेच मारून पाहिली. खणखणीत नाद आला तो दगड ठेवला; बद्द आवाज आला तेथे खडूची खूण केली. तापलेल्या दगडावर एकाएकी थंड पाणी पडले म्हणजे तो तडकतो, हे त्यानेच मला सांगितले. सुताराने तुळयांवरचा कोळसा तासला. जाड सागवानास वरून बसलेला कोळशाचा थर आतल्या लाकडाचे काही काळ रक्षण करतो; त्यामुळे मोठ्या पाच तुळयांपैकी तीन कामाच्या निघाल्या.

आग विझविताना भिंतींत मुरलेले पाणी सुकेपर्यंत कोणीही गिलाव्यास हात लावला नाही. शेगड्या पेटवून घाई न करता दारेखिडक्या उघड्या ठेविल्या. नवा गिलावा केला तोही चुन्याचाच. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापले तर ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि काही वर्षांत सारे पोपडे सुटतात.

ह्या कामास दीड वर्ष लागले. खर्च थोडा झाला असे मी म्हणणार नाही; वाशांसाठी शेजाऱ्यांनी लाकूड दिले, धर्मग्रामाने थोडा हातभार लावला. प्रत्येक जळके घर वाचवावे, असेही माझे म्हणणे नाही. दगड भुगा झाला असेल, भिंत ओळंब्यातून गेली असेल, तर ती उतरविणेच शहाणपणाचे. माणसाचा जीव भिंतीहून मोलाचा आहे. परंतु तो निर्णय परीक्षेनंतर व्हावा. शोकाच्या व घाईच्या पहिल्या आठवड्यात होऊ नये.

ती वृद्ध आई गेल्या वर्षी प्रभूच्या घरी गेली. तिचा देह त्याच माजघरात ठेविला होता, आणि त्याच भिंतीखाली आम्ही जपमाळ म्हटली. एका बाजूचा गिलावा नवा आहे, तो पाहणाऱ्यास आजही ओळखू येतो. तिकडे दृष्टी गेली की मला माझी बादली आठवते.

म्हणून, माझ्या प्रिय बंधुभगिनींनो, अशी वेळ कोणावर न येवो. आलीच, तर पहार आणण्यापूर्वी, आणि बादली भरण्यापूर्वीही, क्षणभर थांबा. जे जळाले त्याचा शोक करा. पण जे उरले आहे ते आधी मोजा. परमेश्वर आपल्या घरांचे व घरातील लेकरांचे रक्षण करो.