लग्नाची डीव्हीडी जपताना

विकत आणलेल्या सिनेमांपेक्षा घरच्या लग्नामुंजीच्या डीव्हीडीची काळजी आधी घ्या. ती लेझरने रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते. उन्हाने तो थर खराब होतो, आणि तिची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. डिस्क कडेला धरा, डबीत घाला, डब्या पुस्तकांसारख्या उभ्या लावा. ओल येणाऱ्या भिंतीचं कपाट नको. धूळ बसली तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा नेमका लेझरच्या वाटेवर पडतो. डिस्कवर बॉलपेन टेकवू नका, नाव डबीवर लिहा. आणि येत्या रविवारी लग्नाची डिस्क लावून बघाच. चालतेय तोवर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.