चार्ज देताना काय द्यायचे?



 

तुमच्यापैकी कोणी वडशाला रेल्वेतून उतरून बस धरलीत, कोणी सिरोंचाहून अंधारातच निघालात. स्वागत समितीच्या वतीने मी तुम्हा सर्वांचे या परिषदेसाठी गडचिरोलीत मनापासून स्वागत करते. झाडीपट्टीत सध्या मंडई आणि नाटकांचा हंगाम आहे. रात्री ज्यांना नाटकाला जायचे असेल त्यांच्यासाठी गाडी ठेवली आहे. नाटक उजाडेपर्यंत चालते, म्हणून उद्याचे पहिले सत्र मुद्दाम दहाला घेतले आहे. जरूर जा.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. तालुके बारा, आणि तीन चतुर्थांशाच्या आसपास भूभाग जंगलाचा. कोरचीत छत्तीसगढी कानावर पडते, सिरोंचात तेलुगू, भामरागडात माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली. इथली बदली म्हणजे शिक्षा, असे पुण्या-मुंबईकडे अजून बोलले जाते. पण शासन, संस्था आणि गाव यांनी एकत्र कसे शिकायचे याचे जेवढे धडे या जिल्ह्याने दिले, तेवढे देणारे जिल्हे फार नाहीत. या विषयाची परिषद इथेच व्हावी असा आग्रह आम्ही धरला तो याच कारणाने.

नेतृत्वाची प्रशिक्षणे आपल्याकडे कमी होत नाहीत. पुण्याला यशदा आहे, नागपूरला वनामती आहे, आणि २०२० पासून केंद्राचे मिशन कर्मयोगी आहे. संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी देणगीदारांच्या कार्यशाळा असतात. माझे म्हणणे आहे ते या सगळ्यात शिकवतो कुणाला, याबद्दल. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, आणि संस्थेच्या प्रकल्पाचा करारही बहुधा तेवढाच. म्हणजे ज्यांना आपण बदल घडवायला आणि सहकार्य करायला शिकवतो, ते दोघेही जाणारे असतात. गावात राहते ती आरोग्यसेवेतली आशा कार्यकर्ती, राहते ती ग्रामसभा. त्यांना आपण शिकवत नाही, फक्त कळवतो.

बदली झाल्यावर चार्ज देताना काय लिहिले जाते ते इथल्या अधिकाऱ्यांना मी सांगायला नको. कपाटे किती, गाडीची अवस्था काय, कोणत्या फायली प्रलंबित आहेत. कोणत्या ग्रामसभेला कोणता शब्द दिला होता, कोणत्या गावाने दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा विश्वास ठेवला, तंटा नेमका कुठे अडला होता आणि कुणाच्या मध्यस्थीने सुटला, यासाठी त्या कागदात रकाना नसतो. संस्थांचेही वेगळे नाही. प्रकल्प संपला की अंतिम अहवाल देणगीदाराकडे जातो, गावाकडे त्याची प्रत येत नाही. नवा माणूस येतो, चांगला असतो, शिकलेला असतो, आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. गावाने किती वेळा पहिल्यापासून सुरुवात करायची?

हे टाळता येते, याचा पहिला धडा धानोरा रस्त्यावर चातगावजवळच्या शोधग्रामात आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथली ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांत, फारसे शिक्षण नसलेल्या बायकांनाही आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, जन्मताच श्वास अडला तर तो सुरू करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हे सगळे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर पोचले.

इथवरची गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो. मला पुढच्या बारा वर्षांत अधिक रस आहे. देशभरातल्या आशांसाठी घरपोच नवजात बाळसेवेचा कार्यक्रम आला तो २०११ मध्ये. मधल्या काळात ‘अंकुर’ या नावाने महाराष्ट्रात सात ठिकाणी इतर संस्थांनी हेच काम करून पाहिले, कारण एका संस्थेला जमले ते दुसरीला जमते का, हा शासनाचा प्रश्न रास्त होता. दरम्यान २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आले, आशा आली. आज दवाखान्यात बाळंतपण झाले तर बेचाळीस दिवसांत सहा घरभेटी, घरी झाले तर सात, हे गावातल्या आशेला तोंडपाठ असते. त्या बारा वर्षांत किती सचिव बदलले असतील याचा विचार करा. काम टिकले, कारण ते कुणा एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभे नव्हते. कुठल्या दिवशी जायचे, काय तपासायचे, कुठे लिहायचे हे इतके स्पष्ट होते की ते दुसऱ्याच्या हाती देता आले. आणि देता आले म्हणूनच ते शासनाचे झाले. संस्थांमधल्या मित्रांनी यावर विचार करावा असे मला कळकळीने वाटते. आपले काम आपल्याशिवाय चालू नये अशी एक सुप्त इच्छा आपल्यात असते, आणि तीच पुष्कळदा सहकार्याच्या आड येते.

दुसरा धडा त्याच रस्त्यावर, थोडा पुढे. मेंढा (लेखा) हे गाव. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यासगट बसतो. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी हे अभ्यासगट गावात रुजवले. बाहेरच्याने शिकवायला यावे, पण निर्णयात बसू नये, ही तिथली शिस्त. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये, देशात सर्वांत आधी मिळालेल्या गावांत. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते एप्रिल २०११ मध्ये, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री यांना गावात यावे लागले.

यात खलनायक शोधू नका. २००६ चा कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो, आणि १९२७ चा वन कायदा तेव्हा त्याला झाडात धरत होता. गावाने एक कायदा वाचला होता, वनरक्षकाने नोकरीभर दुसरा राबवला होता. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. १९२७ च्या कायद्यातली व्याख्या २०१७ च्या शेवटी बदलली. पण हे दोन कायदे समोर ठेवून वनरक्षक आणि ग्रामसभेची माणसे चार दिवस एका सतरंजीवर बसली असती, तर दोन मोठ्या माणसांच्या दौऱ्याची वाट पाहावी लागली नसती असे मला ठामपणे वाटते. सहकार्याचे प्रशिक्षण म्हणून मला जे अपेक्षित आहे ते इतके साधे आहे: ज्यांचे एकमेकांशी अडते त्यांनी, ज्यावर अडते तोच कागद, एकत्र वाचायचा.

आता तर शेकडो ग्रामसभांकडे वनहक्क आहेत. तेंदूची जाहिरात काढणे, ठेकेदाराशी करार करणे, मजुरी वाटणे, हिशेब ठेवणे हे त्या करतात. कोरचीत ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. त्यांच्यापुढे लेखापरीक्षणाचे, कराचे, नव्या पिढीला शिकवण्याचे खरे प्रश्न आहेत, आणि त्या प्रश्नांवर त्यांना व्याख्यान नको, शेजारी बसणारा माणूस हवा आहे.

म्हणून या तीन दिवसांची मांडणी आम्ही थोडी वेगळी केली आहे. दुपारच्या गटांत एका खात्याची किंवा एका संस्थेची दोन माणसे एकत्र बसणार नाहीत. प्रत्येक गटात एक अधिकारी, एक संस्थेचा कार्यकर्ता, एक आशा किंवा गटप्रवर्तक आणि ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी असतील. माडिया, गोंडी आणि तेलुगू बोलणारे साथी भाषांतराला आहेत, तेव्हा बोलणारीला मराठीत बोला असे कुणी सांगू नये. गटापुढे एका गावातल्या खऱ्या तंट्याचा एक खरा कागद असेल. तिसऱ्या दिवशी प्रत्येक गटाने दोन पानी चार्ज लिहायचा आहे: उद्या माझी बदली झाली, माझा प्रकल्प संपला, तर या गावाबद्दल पुढच्याला काय सांगून जाईन. लिहिलेले गावाला वाचून दाखवायचे, गाव म्हणेल ती दुरुस्ती करायची, आणि एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरी ठेवायची. जिल्हा प्रशासनाने आपल्याकडच्या चार्जच्या कागदांना ही पाने जोडावीत, अशी विनंती मी या व्यासपीठावरून जाहीरपणे करते.

जेवणाची व्यवस्था मागच्या मंडपात आहे, बचतगटाच्या बायांनी स्वयंपाक केला आहे. राहण्याच्या जागी काही अडचण आली तर नोंदणीच्या टेबलावर समितीचे कार्यकर्ते रात्रीही असतील. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करते आणि उद्घाटकांना विनंती करते की त्यांनी पहिल्या सत्राला सुरुवात करावी.