वंगण आणि विश्वास
(द्वारका, नवी दिल्ली येथील व्याख्यानाचा मजकूर)

यंत्रांच्या इतिहासात वंगणाला क्वचितच मानाचे स्थान मिळते. चाक, दट्ट्या, नळी यांची नावे ग्रंथांत येतात. परंतु दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहून त्यांची झीज वाचविणारा तेलाचा थेंब किंवा भुकटीची चिमूट यांची दखल सहसा घेतली जात नाही. या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो दिल्लीच्या इतिहासाशी निगडित आहे. द्वारकेहून मेट्रोने निघून राजीव चौकात गाडी बदलली, की काश्मीरी गेटला पोहोचता येते. तेथे लोथियन रस्त्यावर ब्रिटिशांच्या जुन्या दारूगोळा-कोठाराच्या दरवाजांचे अवशेष उभे आहेत. 11 मे 1857 रोजी मीरतहून आलेले शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा लेफ्टनंट विलोबी व त्याचे सहकारी यांनी हे कोठार स्वतःच उडवून दिले. त्या उठावाची कारणे अनेक होती. राज्ये खालसा झाली होती, पगार आणि मानमरातब यांविषयी असंतोष होता. परंतु ठिणगी पडली ती काडतुसाला लावलेल्या वंगणामुळे. काडतुसाला वंगण कशासाठी लागते, ते ओले असावे की कोरडे, आणि ते कशाचे आहे हे सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

1853 च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही तोंडाकडून भरण्याची बंदूक होती. तिच्या नळीचा व्यास 0.577 इंच असून आत तीन सर्पिल खाचा होत्या. काडतूस म्हणजे कागदाची एक लहान गुंडाळी. तिच्या एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. शिपायाने कागदाचे टोक दातांनी तोडावे, दारू नळीत ओतावी, काडतूस उलटे करून गोळी तोंडाशी बसवावी आणि गजाने ती खाली ठासावी, अशी कवाईत होती. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपाने उरतो. त्यातील काही धुराबरोबर बाहेर जातो, काही नळीत कठीण थर होऊन बसतो. दहा-वीस बार झाले, की गोळी खाली उतरेनाशी होते. म्हणून गोळीभोवतीच्या कागदावर चरबी व मेण यांचा लेप देत असत. हा लेप गोळीला सरकण्यास मदत करी आणि त्याबरोबरच साचलेली काजळी मऊ ठेवी.

इंग्लंडच्या थंड हवेत हे मिश्रण निरुपद्रवी होते. हिंदुस्थानात प्रश्न केवळ उष्णतेचा नव्हता. चरबी कोणत्या प्राण्याची, हा प्रश्न दातांनी काडतूस तोडणाऱ्या हिंदू व मुसलमान शिपायाच्या दृष्टीने धर्माचा होता. हे कोणाच्याच लक्षात आले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. बंगाल सैन्याचे अ‍ॅडज्युटंट-जनरल कर्नल टकर यांनी डिसेंबर 1853 मध्येच लेखी इशारा दिला होता, की वंगणात आक्षेपार्ह काही नाही अशी खात्री झाल्यावाचून ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. तो कागद दप्तरात राहिला. पुढे डमडम येथे काडतुसे तयार होऊ लागली, तेव्हा चरबीच्या जातीविषयी कोणतीही विशेष दक्षता घेतली गेली नाही.

जानेवारी 1857 मध्ये डमडम येथे हा असंतोष प्रकट झाला. तेथील अधिकाऱ्यांनी वरिष्ठांकडे पाठविलेल्या अहवालातील एक गोष्ट फार बोलकी आहे. शिपायांनी केवळ तक्रार केली नाही. चरबीऐवजी मेण व तेल वापरावे, असा उपायही सुचविला. तो शास्त्रदृष्ट्या अगदी योग्य होता, कारण मेण-तेलाचे मिश्रण चरबीचेच काम करू शकते. 27 जानेवारीस सरकारने ठरविले, की काडतुसे वंगणाविना द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. पुढे दातांऐवजी हाताने कागद फाडण्याचीही मुभा मिळाली.

तांत्रिक प्रश्न येथे सुटला होता. तरीही आग विझली नाही. आता शंका कागदाकडे वळली. नव्या कागदाला चकाकी होती, आणि तो जाळला असता चरबीचा वास येतो, असे शिपाई चौकशी समितीपुढे सांगू लागले. 29 मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. 8 एप्रिलला त्यांना फाशी देण्यात आले. 24 एप्रिलला मीरत येथे तिसऱ्या घोडदळाच्या नव्वद स्वारांपैकी पंचाऐंशी जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. ही काडतुसे जुन्याच पद्धतीची होती. त्यांना नवे वंगण लावलेले नव्हते. 9 मे रोजी त्या पंचाऐंशी जणांना सर्व सैन्यासमक्ष बेड्या घालण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी मीरत पेटले. विश्वास एकदा उडाल्यावर स्वच्छ वस्तूही मलिन दिसू लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

ही वार्ता किती दूर पोहोचली होती, याची साक्ष मराठी वाङ्मयातही आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतात काडतुसांची हकीकत येते. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो 1907 मध्ये प्रसिद्ध केला. ज्याने कधी बंदूक हाती धरली नाही, अशा कोकणातील भिक्षुकालाही वंगणाचा हा वाद सांगण्याजोगा वाटला.

पुढील दशकात कागदी काडतूस मागे पडले आणि पितळी पुंगळीचे काडतूस आले. पुंगळी एकदा वापरून फेकावी लागत नाही. साच्यातून काढून तिचा मूळ आकार परत आणता येतो व ती पुन्हा भरता येते. येथे वंगणाचा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. साच्यात पितळ घासले जाते, पुंगळीच्या मानेतून आकार देणारा लोखंडी गोळा ओढताना ती ताणली जाते. तेल लावावे, तर ते आत उरून दारू व ठिणगी देणारी टोपी निकामी करू शकते. म्हणून मानेच्या आतील बाजूस कोरडी भुकटी लावण्याची पद्धत पडली. ग्रॅफाइट, अभ्रक आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड ही त्यांतील प्रमुख द्रव्ये. तिन्हींची रचना पत्त्यांच्या जुडीसारखी थरांची असते. ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांत थरांमधील बंध इतके दुबळे असतात, की एक थर दुसऱ्यावरून सहज सरकतो. ग्रॅफाइटला मात्र हवेतील बाष्पाची सोबत लागते. निर्वातात त्याचा निसरडेपणा नाहीसा होतो, तर मॉलिब्डेनम डायसल्फाइड तेथेही काम देते. धूरविरहित दारूच्या कणांनाही ग्रॅफाइटचा पातळ मुलामा देतात. त्यामुळे कण मोकळे ओघळतात आणि त्यांवर स्थिर वीज साचत नाही. अर्थात आपल्या देशात दारूगोळा तयार करण्यास 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. हा घरगुती हौसेचा विषय नव्हे.

मग 1857 मध्ये चरबीऐवजी ग्रॅफाइट वापरले असते तर? हा प्रश्न मोहक आहे, परंतु उत्तर नकारार्थी द्यावे लागते. कोरडी भुकटी घर्षण कमी करते. काळ्या दारूची कठीण काजळी ती मऊ करीत नाही. त्या बंदुकीला स्निग्ध पदार्थच हवा होता. तो मेण-तेलाचा असू शकला असता, आणि तसे शिपायांनीच सांगितले होते.

म्हणून दोष वंगणाच्या ओलेपणाचा नव्हता. ज्याच्या हातात व तोंडात ती वस्तू जाणार होती, त्याला ती कशाची आहे हे आधी सांगितले गेले नाही, आणि त्याने विचारले तेव्हा उत्तर उशिरा मिळाले. आज औषधाच्या वेष्टनावर आणि खाद्यपदार्थाच्या डब्यावर घटकद्रव्यांची यादी छापण्याचे कायद्याने बंधन आहे. खाद्यपदार्थांवर शाकाहारासाठी हिरवी खूण असते. ही यादी अनेकांना रुक्ष वाटते. परंतु बनविणारा आणि वापरणारा यांच्यामधील घर्षण कमी करणारे दुसरे वंगण अद्याप सापडलेले नाही.